फसली १३५८ ते फायरफॉक्स: न बदलणाऱ्या तारखेचा इतिहास

हैदराबाद संस्थानातली जहागिरदारी संपवणारा कायदा शोधायला गेलात, तर त्याच्या नावात एक वर्ष दिसेल: १३५८. इसवी सन १३५८ मध्ये दख्खनवर बहमनी सुलतान राज्य करत होते, आणि जहागिरी बरखास्त करण्याचा विचार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. कायद्यातलं १३५८ हे फसली साल आहे. आपल्या कॅलेंडरप्रमाणे तो कायदा ऑगस्ट १९४९ मधला.

फसली म्हणजे फसलीचं, पिकाचं साल. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि दरवर्षी ऋतूंच्या मागे सरकत जातं. शेतसारा मात्र पीक हाती आल्यावरच मागता येतो. म्हणून मुघलांनी वसुलीसाठी सूर्यावर चालणारं हे वेगळं साल काढलं. उत्तरेत ते अकबराच्या काळात आलं, दख्खनमध्ये शहाजहानच्या. निजामाच्या राज्यात ते इतकं रुजलं की महसूल, कायदे, शाळा आणि पोलीस यांचे सगळे कागद फसलीत लिहिले जाऊ लागले. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं आणि त्याच्या महिन्यांना जुनी इराणी नावं होती: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी सुरुवात होऊन शेवटचा महिना आबान.

आजचा जालना जिल्हा, म्हणजे जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे आठ तालुके, त्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी जालन्याच्या कचेरीत कारकुनाने तारीख लिहिली असेल, तर ती आबान १३५७ अशी असणार. दिवस तोच, तारखा दोन.

पाचशे नव्वद की एक्क्याण्णव?

फसली साल इसवीत आणायचं असेल तर ५९० मिळवा, असं सर्रास सांगितलं जातं. १३५७ अधिक ५९० बरोबर १९४७. पण निजाम शरण आला तो १९४८ मध्ये. मग चुकलं कुठे? हैदराबादी फसली १३५७ हे वर्ष ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये संपलं. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. महिना न बघता बेरीज केली तर अख्ख्या वर्षाची चूक होते.

आणखी एक मेख आहे. फसली एकच नव्हतं. मद्रास इलाख्यातलं फसली वर्ष १ जुलैला लागायचं. तमिळनाडूच्या महसूल खात्यात ते आजही चालतं. उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीत तर मिळवायचा आकडाच वेगळा, ५९२-५९३. म्हणजे नुसतं ‘फसली १३५७’ लिहिलेला कागद हातात आला, तर तो कुठला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. त्यातच मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन असतो, जो मृग नक्षत्राला बदलतो. पंचांगात शालिवाहन शक, जो चैत्रात बदलतो. जालन्याच्या एखाद्या जुन्या घराण्याच्या पेटीत ही सगळी सालं एकत्र नांदलेली सापडू शकतात.

हा प्रश्न फक्त इतिहासाच्या प्राध्यापकांचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर पोहोचलं. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. काही कागद उर्दूत, काही मोडीत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, या कागदांवरच्या तारखेचं वजन समजून घ्यायला हवं. इतर मागासवर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे आणि त्याच्या आधीचा पुरावा लागतो. कागद त्याआधीचा आहे हे तारखेवरूनच ठरतं. पणजोबांच्या नोंदीसमोरचा चार अंकी आकडा कसा वाचला जातो, यावर पणतूचा प्रवेश अवलंबून असू शकतो.

तलाठ्याची खोडायची रीत

अशा कागदांना विश्वासार्हता कुठून येते? त्याचं एक उत्तर सातबाऱ्यावर आहे. घरचा सातबारा मोबाइलवर उघडून बघा. जुन्या मालकाचं नाव पुसलेलं नसतं. त्याला कंस केलेला असतो किंवा त्यावर आडवी रेघ असते, आणि शेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की कळतं: अमुक तारखेला खरेदीखत झालं, अमुक तारखेला वारस लागले, अमुक तारखेला नोंद मंजूर झाली.

तलाठी जुनी नोंद दुरुस्त करत नाही, नवी नोंद लिहितो. चूक झालीच असेल तर तीसुद्धा तशीच राहते आणि ती चूक असल्याचा आदेश नव्या फेरफाराने लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५ लेखनातल्या चुका दुरुस्त करायची वाट देतं, पण तीही आदेशानेच. या रीतीमुळे भावकीतला तीस वर्षांपूर्वीचा वाद आजही कोर्टात उलगडता येतो. व्हाइटनर लावायची मुभा असती, तर कागदावर फक्त शेवटच्या माणसाचं म्हणणं उरलं असतं.

फेरफाराला महसूल खात्याच्या इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. संगणकाच्या जगातही म्युटेशन हाच शब्द आहे, आणि गेली तीसेक वर्षं प्रोग्रामर ज्या खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडत आले, त्याचंही नाव तेच.

१९९५ ची घाई

१९९५ मध्ये जावा ही भाषा जगासमोर आली आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात तारखेसाठी ‘डेट’ नावाची एक वस्तू होती. वस्तू म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतली एक डबी समजा. तिच्यात महिने शून्यापासून मोजले जायचे, म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. वर्ष १९०० पासून मोजलं जायचं. त्याच सुमारास ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. तारखेचं काम नव्याने करायला वेळ नव्हता, म्हणून जावाचीच डेट उचलून आणली गेली, खोडींसकट. सन २००० उजाडलं तेव्हा अनेक वेबसाइटींवर वर्ष १९१०० असं झळकलं, कारण वर्षाचा आकडा १०० झाला होता आणि कुणीतरी त्याच्या आधी १९ चिकटवून ठेवले होते.

या खोडी निदान दिसत तरी होत्या. खरी खोड आत होती: ही डबी उघडून आतली तारीख बदलता यायची.

जालन्याचंच उदाहरण घेऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलावर दोन तारखा महत्त्वाच्या: उगवणशक्तीचं परीक्षण कधी झालं आणि बियाणं कधीपर्यंत वैध आहे. प्रमाणित बियाण्याला परीक्षणापासून ९ महिन्यांची मुदत मिळते. आता समजा, लेबल छापणारा प्रोग्राम कुणीतरी जुन्या पद्धतीने लिहिला. त्याने म्हटलं, वैधता म्हणजे परीक्षणाची तारीख, आणि तिच्यात ९ महिने वाढव. परीक्षण १० मे चं असेल तर वैधता १० फेब्रुवारी यायला हवी. ती तशी येतेही. पण लेबलावर परीक्षणाची तारीखसुद्धा १० फेब्रुवारी छापून येते!

असं का झालं? कारण ‘वैधता’ आणि ‘परीक्षण’ ही दोन नावं एकाच डबीची होती. तुम्ही मित्राला गूगल शीटची लिंक पाठवली आणि त्याने त्यात खाडाखोड केली, तर तुमचीही शीट बदलते. दोघांकडे दोन लिंका असल्या तरी शीट एकच. त्याऐवजी स्क्रीनशॉट पाठवला असता, तर त्याने त्यावर वाट्टेल ते गिरवलं तरी तुमचा तुमच्याकडे शाबूत राहिला असता.

पिशवीच्या लेबलावर ही चूक लगेच डोळ्यांत भरेल. पण मोठ्या प्रोग्राममध्ये तारीख शंभर जागी फिरते. पगार काढणारा भाग ती वाचतो, रजा मोजणारा भाग वाचतो, निवृत्ती ठरवणारा भाग वाचतो. त्यांतल्या एकाने गुपचूप ती बदलली, तर बाकीच्यांना पत्ता लागत नाही. चूक एका गावात आणि बोंब दुसऱ्या गावात.

आणखी एक गंमत. जावास्क्रिप्टच्या जुन्या डेटमध्ये ३१ जानेवारी २०२३ ही तारीख घ्या आणि फक्त महिना बदलून फेब्रुवारी करा. उत्तर येतं ३ मार्च. ३१ फेब्रुवारी नसते, म्हणून ती बिचारी तीन दिवस पुढे घरंगळते, आणि तसं सांगतही नाही.

सात हा आकडा बदलता येतो का?

यावरचं उत्तर तलाठ्याच्या रीतीसारखंच निघालं. आहे ती तारीख कधीच बदलायची नाही. हवी असेल तर नवी तयार करायची. प्रोग्रामर अशा वस्तूला इम्यूटेबल म्हणतात. तिच्यात ९ महिने मिळवायला सांगितले, तर ती स्वतः जागची हलत नाही. ९ महिन्यांनंतरची एक वेगळी तारीख तुमच्या हातात ठेवते. परीक्षणाची तारीख १० मे ची १० मे राहते.

थोडा विचार केला तर हे साधंच आहे. सात या आकड्यात एक मिळवला की आठ मिळतात, पण म्हणून सात संपत नाहीत. तारीखही तशीच आहे. १७ सप्टेंबर १९४८ मध्ये एक दिवस मिळवला तर १८ सप्टेंबर येते. पण सतरा तारखेला जे घडलं ते सतरालाच घडलेलं राहतं.

पायथनने २००३ मध्ये आपल्या तारखा पहिल्यापासूनच अशा न बदलणाऱ्या केल्या. जावाच्या जगात ब्रिटिश प्रोग्रामर स्टीफन कोलबोर्न यांनी जोडा-टाइम नावाची लायब्ररी लिहिली आणि ती इतकी वापरली गेली की २००७ मध्ये तिच्या अनुभवावर जावासाठी अधिकृत नवी व्यवस्था बनवायचं काम सुरू झालं. त्याला सात वर्षं लागली. मार्च २०१४ मध्ये जावा ८ मधून ती बाहेर आली. पीएचपीने २०१३ मध्ये न बदलणारी तारीख आणली, पण जुनीही शेजारी राहू दिली. अँड्रॉइड फोनमध्ये जावाची नवी व्यवस्था २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून थेट मिळू लागली. जावास्क्रिप्टची दुरुस्ती सगळ्यांत उशिरा आली: ‘टेम्पोरल’ नावाने ती २०२५ मध्ये फायरफॉक्समध्ये पोहोचली. दहा दिवसांच्या घाईची भरपाई करायला तीस वर्षं लागली.

तारीख म्हणजे नेमकं काय?

नव्या व्यवस्थेने आणखी एक मोठी गोष्ट केली. तारखेचे प्रकार पाडले. नुसतं वर्ष हा एक प्रकार. वर्ष आणि महिना हा दुसरा. दिवसासकट पूर्ण तारीख हा तिसरा. आणि जगाच्या घड्याळातला एक नेमका क्षण, तो अगदीच वेगळा. जुन्या डबीत हे सगळे एकाच पोत्यात कोंबलेले होते.

याचं महत्त्व महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात कळेल, कारण आपल्याकडे १ जूनला जन्मलेल्या माणसांची गर्दी आहे. मागच्या पिढ्यांत बाप मुलाला शाळेत घेऊन यायचा, त्याला फक्त ‘दुष्काळाच्या दुसऱ्या साली झाला’ एवढं आठवायचं आणि गुरुजी हिशेब करून १ जून टाकायचे. रजिस्टरमध्ये रकाना पूर्ण तारखेचा होता, म्हणून पूर्ण तारीख भरली गेली. माहीत होतं ते फक्त वर्ष, तेही अंदाजाने. आधार कार्डावर १ जानेवारीला जन्मलेले अनेक लोक भेटतात, तेही याच कारणाने.

एकदा लिहिलेली ही तारीख मग माणसाला चिकटते. सरकारी नोकराला जन्मतारीख दुरुस्त करून हवी असेल, तर नोकरीत लागल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मे ला महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. गुरुजींनी ज्या रकान्यात अंदाज लिहिला, तो अनेक वर्षांनी असा हारतुऱ्यांत प्रकट होतो.

मोबाइलच्या ॲपमध्ये हीच १ जून आणखी एक खेळ करते. जन्मतारखेला तास-मिनिटं नसतात. पण प्रोग्रामरने ती ‘क्षण’ म्हणून साठवली, तर संगणक तिला मध्यरात्रीची वेळ जोडतो. भारतातली १ जूनची मध्यरात्र म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ३१ मे ची संध्याकाळ, साडेसहा. दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरने ती आपल्या वेळेत वाचली, की जन्मतारीख ३१ मे होते. मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर लाल अक्षरांत येतं, माहिती जुळत नाही. मुलगी महा-ई-सेवा केंद्रावर चकरा मारते आणि केंद्रवाला म्हणतो, आधार अपडेट करून आण. आधारमध्ये तर काहीच चुकलेलं नसतं.

जालन्याची दुपार

वेळेचंही तसंच आहे. सूर्याच्या हिशेबाने जालना भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटं मागे आहे. आगगाडी येण्याआधी गावाची दुपार गावच्या सूर्यावर ठरायची. विसावं शतक उजाडताना मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन जालन्यातून गेली, तेव्हा हिंदुस्थानातल्या रेल्वेचं घड्याळ मद्रास वेळेवर चालत होतं. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटं मागची वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. ती पूर्ण जायला १९५५ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं आणखी एक तास पुढे होती.

जगभरचे संगणक वेळेच्या इतिहासाची एक सामायिक यादी वापरतात. तुमच्या फोनमध्येही ती आहे आणि त्यात भारताचं नाव ‘एशिया/कोलकाता’ असं आहे. २००८ पर्यंत ते ‘कलकत्ता’ होतं. या यादीत मद्रास वेळ आहे, १९०६ आहे, महायुद्धातला वाढीव तासही आहे. पण संपूर्ण देशासाठी ओळ एकच. मुंबईची ती हट्टी ३९ मिनिटं तिथे सापडणार नाहीत. जावाच्या नव्या व्यवस्थेत हिजरी, जपानी, तैवानी आणि थाई बौद्ध अशी कॅलेंडरं आहेत. फसली त्यातही नाही.

ठिकाणांच्या नावांचं काय? १९५० मध्ये जालन्यात जन्मलेल्या माणसाचं राज्य हैदराबाद, जिल्हा औरंगाबाद. १९५६ नंतर तेच गाव मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. परतूर तर परभणीतून आलं. तो माणूस घर न सोडता तीन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहिला. त्याच्या जन्माच्या नोंदीत आज कुणी ‘जिल्हा जालना, महाराष्ट्र’ असं दुरुस्त केलं, तर ते सोयीचं होईल, पण १९५० मध्ये असा जिल्हा नव्हता आणि असं राज्यही नव्हतं.

निजामकालीन नोंदी आता स्कॅन होऊन संगणकात जात आहेत. तिथे प्रत्येक नोंदीसाठी फॉर्म असेल आणि त्यात ‘दिनांक’ नावाचा रकाना असेल. आबान १३५७ वाचणारा माणूस त्या रकान्यात काय भरेल? फॉर्म पूर्ण इसवी तारीख मागत असेल तर तो ५९० मिळवेल किंवा ५९१, दिवस लागत नसेल तर १ टाकेल आणि पुढच्या पानाकडे वळेल. पन्नास वर्षांनी तो दिवस खरा मानला जाईल, गुरुजींच्या १ जूनसारखाच.

त्याऐवजी दोन रकाने ठेवणं अवघड नाही. एकात कागदावर जसं आहे तसं: ‘आबान १३५७ फसली, हैदराबाद’. याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यात आपण काढलेला अर्थ: सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८, दिवस अज्ञात, कुणी आणि कधी काढला त्यासकट. हिशेब चुकला तर दुसऱ्या रकान्यात नवी नोंद येईल आणि आधीची कंसात जाईल. जालन्याच्या तलाठ्याला यातलं काहीही नव्याने शिकवावं लागणार नाही.